यील्ड कर्व्ह उलटला, मंदी नाही आली. मग तो वाचायचा कसा?

जिज्ञासू: अमेरिकी सरकारी रोख्यांचा '१० वर्षे वजा २ वर्षे' हा व्याजदरांतला फरक जुलै २०२२ पासून सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीपर्यंत शून्याखाली होता, म्हणजे यील्ड कर्व्ह (मुदतीनुसार व्याजदर दाखवणारा वक्र) उलटा होता. २०२३ मध्ये तर उणे १०० बेसिस पॉइंटांच्याही (म्हणजे उणे १ टक्क्याच्याही) खाली गेला. तरी त्या काळात मंदी नाही. मंदीचा हा निर्देशक मोडीत काढायचा का?

रोखेवाला: मोडीत नको, फक्त त्याच्याकडे तारीख मागू नका. २००६ मध्ये वक्र उलटला, मंदी सुरू झाली डिसेंबर २००७ मध्ये. १९६६ मध्ये उलटला, मंदी आलीच नाही.

१० वर्षांचा दर म्हणजे पुढच्या दशकातल्या अल्पमुदतीच्या दरांची अपेक्षित सरासरी, अधिक टर्म प्रीमियम (इतका काळ पैसे अडकवण्याचा मोबदला). फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) रोखे विकत घेऊन ठेवल्यामुळे हा प्रीमियम दबलेला होता, म्हणून वक्र उलटायला पूर्वीइतकी मोठी भीती लागली नाही.

शिवाय महाग दर कर्जदारापर्यंत पोचला का, हे वक्र सांगत नाही. अमेरिकेतली बहुतेक गृहकर्जे स्थिर दराची, बरीचशी ३० वर्षांची. कंपन्यांनीही २०२०-२१ मध्ये स्वस्तात लांब मुदतीची कर्जे उचलली. चटका बसतो तो फेरकर्जाच्या वेळी.

माझ्या मते वक्र सरळ कसा होतो, ते जास्त बोलके. २ वर्षांचा दर कोसळून झाला तर बाजार दरकपात धरून चाललाय, तेव्हा सावध व्हा. १० वर्षांचा दर चढून झाला तर कारण वेगळे: महागाई, सरकारी तूट किंवा टर्म प्रीमियम. आणि रोजचा आकडा नको, महिन्याची सरासरी घ्या. न्यूयॉर्क फेडचे मंदीची शक्यता काढणारे मॉडेल १० वर्षे वजा ३ महिने वापरते, तेही सोबत ठेवा.

आकडेमोड: वक्र आधी इशारा देतो, खातरजमा बेरोजगारीतून होते. त्यासाठी साम नियम (मंदी सुरू झाली का, हे ओळखण्याचा): बेरोजगारी दराची ३ महिन्यांची सरासरी काढा, त्यातून मागच्या १२ महिन्यांतली अशीच सर्वांत कमी सरासरी वजा करा. ०.५० किंवा जास्त आले की घंटा. मे ते जुलै २०२४: ४.०, ४.१, ४.३, सरासरी ४.१३. नीचांक ३.६. फरक ०.५३.

जिज्ञासू: म्हणजे तीही घंटा खोटीच वाजली ना?

आकडेमोड: बेरोजगारीचा दर दोन वाटांनी चढतो. नोकऱ्या जातात, किंवा काम शोधणारे वाढतात. तेव्हा दुसऱ्या वाटेचा वाटा मोठा होता, स्थलांतरितांमुळे. नियमाला हा भेद कळत नाही. म्हणून बेरोजगार भत्त्याच्या साप्ताहिक नव्या अर्जांची ४ आठवड्यांची सरासरी बघा. नोकरकपात खरी असेल तर ती चढते.

रोखेवाला: एक पुरवणी. मागच्या काळावर नियम तपासताना आजचे सुधारित आकडे वापरू नका, निकाल फुकटचा चांगला दिसतो. २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीचा जीडीपी आधी उणे ०.९ टक्के जाहीर झाला होता. २०२४ च्या सुधारणेत तो शून्याच्या वर गेला. सेंट लुइस फेडच्या 'अल्फ्रेड' संग्रहात त्या-त्या दिवशी दिसणारे आकडे मिळतात, ते घ्या.