पुढचं एकच चाक तापतंय, ब्रेकची नळी बाहेरून चांगली दिसतेय, तरी बदलू का?

निळी_गाडी:
नमस्कार मंडळी. घरची गाडी पंधराएक वर्षं जुनी आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस नाही. हल्ली लांबून आलं की पुढच्या उजव्या चाकापाशी जळका वास येतो, रिम डावीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते आणि ब्रेक सोडला तरी गाडी थोडा वेळ उजवीकडे ओढत राहते. सकाळी बघावं तर चाक एकदम मोकळं. मेकॅनिक म्हणतोय कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) गेला, नवीन टाका. मित्र म्हणतो होज पाइप, म्हणजे ब्रेकची रबरी नळी, आतून बंद झाला असणार. मी खाली वाकून पाहिलं, नळीला चीर नाही, ओल नाही, फुगलेली पण नाही. मग आतून कशी काय खराब होईल? आणि बदलायचीच तर एक बदलू की सगळ्या? गाडीत आईबाबा आणि मुलं असतात, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

पाना_दहा:
दादा, मित्राच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. ही नळी म्हणजे नुसतं रबर नसतं, आत एक रबरी नळी, त्यावर धाग्याची घट्ट वीण आणि वरून परत रबराचं कव्हर. वय झालं की कधी कधी आतला थर सुटतो किंवा फुगतो आणि भोक बारीक होतं, वरचं कव्हर मात्र जसंच्या तसं. पॅडल दाबल्यावर मागे एवढा जोर असतो की ब्रेकचं ऑइल कसंही करून पुढे घुसतं, पण परत येताना त्याला ढकलायला कुणी नाही, पिस्टनचा सील मागे खेचतो तेवढाच काय तो जोर, त्यामुळे ऑइल तिकडेच अडकतं आणि पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी रात्रभर उभी राहिली की ते हळूहळू झिरपून परत येतं आणि सकाळी तुम्हाला चाक मोकळं मिळतं.

पण कॅलिपरचा पिस्टन गंजला किंवा स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सुकल्या तरी हेच होतं, म्हणून आधी टेस्ट करा. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) लावून, पुढून जॅकवर घ्या आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. गाडी न्यूट्रलला. कुणाला तरी दोनतीनदा जोरात ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक फिरवून बघा. जाम असेल तर कॅलिपरची ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जराशी ढिली करा. ऑइल पिचकारी मारून आलं आणि चाक सुटलं, तर दाब अडकून पडला होता, कॅलिपर बिचारा ठीक आहे. निपल उघडूनही चाक जामच, तर पिस्टन नाहीतर पिना बघा.

दाब अडकला असं निघालं तर निपल बंद करून परत ब्रेक दाबायला लावा, आणि आता नळी जिथे वरच्या लोखंडी पाइपला जोडलीय तिथला नट जरा सैल करा. इथे चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलेंडरकडे (पॅडलने ऑइलला दाब देणारा भाग). इथे नाही सुटलं आणि निपल उघडल्यावरच सुटलं, तर मधली नळीच खराब. एवढी टेस्ट केल्याशिवाय कॅलिपरवर पैसे घालू नका.

रानवाट:
एक सोपी आयडिया, नळी व्हाइस ग्रिपने (पकडून लॉक होणारी पक्कड) चिमटून बघा ना, कुठे अडतंय ते लगेच कळतं.

पाना_दहा:
@रानवाट नको हो, प्लीज. जुनी नळी चिमटली की आतला थर तिथेच फाटतो, म्हणजे चांगली असलेली पण जाते. कॅलिपर काढून नळीवर लोंबकळत ठेवतात तेही तसंच, तारेने वर बांधून ठेवायचा.

चाकोरी:
बाहेरून बघायचं पण नीट बघायला हवं, निळी_गाडी. वाकून बघितलं तर अर्धीच नळी दिसते. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कट मारून बघा, मग पूर्ण उजवीकडे, म्हणजे वाकणारी जागा उघडी पडते आणि बारीक चिरा तिथेच असतात. दोन्ही टोकांना लोखंडी फेरूल (नळीवर आवळलेली टोपी) आहे ना, त्याच्या अगदी तोंडाशी बोट फिरवा, रबर तिथे आधी कडक होतं. कुणाला पॅडल दाबून धरायला लावा आणि नळीवर टॉर्च मारा, एखाद्या ठिकाणी बेडकासारखी फुगली तर त्या गाडीने रस्त्यावर जायचंच नाही. टायरला घासल्याची चकाकी आहे का तेही बघा.

आणि मागची नळी! बॉडीवरून मागच्या अ‍ॅक्सलवर येणारी एक नळी बऱ्याच जुन्या गाड्यांत असते, ती वरच्या बाजूला लपलेली असते म्हणून कुणी बघतच नाही. पुढच्या दोन्ही बदलल्या आणि ही पहिल्यापासूनची तशीच, असं फार वेळा दिसतं.

निळी_गाडी:
टेस्ट केली. निपल उघडल्या उघडल्या चाक सुटलं, वरच्या नटाला काहीच फरक नाही. म्हणजे नळीच! कॅलिपरचा खर्च वाचला, मनापासून आभार. मागचीला फेरूलपाशी चिरा आहेत त्यामुळे पुढच्या दोन्ही आणि मागची, तिन्ही घेतोय. बसवताना काय सांभाळू?

पाना_दहा:
तिन्ही घेताय ते उत्तम, पुढची तर जोडीनेच बदलायची, दोन्ही सारख्याच वयाच्या आहेत. आता महत्त्वाचं. आदल्या दिवशी नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पाइपच्या नटाला साधा ओपन पाना लावू नका, कोपरे गोल होतात आणि मग लोखंडी पाइपच बदलायची वेळ येते, फ्लेअर नटचा पाना घ्या, तो नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरतो. दुसऱ्या पान्याने नळीचं टोक धरून ठेवा नाहीतर पाइप पिळवटतो. बँजो बोल्ट (मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे वायसर दोन्ही बाजूंना नवीनच, जुने परत वापरायचे नाहीत. कॅलिपरमध्ये आट्याने बसणारी नळी असेल तर आधी ते टोक घट्ट करा आणि पाइपचा नट शेवटी. नळीवर लांबीने रेघ छापलेली असते बहुतेक, ती सरळ दिसली पाहिजे, गोल फिरली तर नळीला पीळ बसलाय, परत काढा. नळी ब्रॅकेटमध्ये पकडून ठेवणारी यू क्लिप विसरू नका.

ब्रेक ऑइल गाडीतल्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरू नका. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही तिकडे जाता कामा नये, सगळे रबर फुगतात. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा.

चाकोरी:
नळ्या बसवल्यावर ब्रेकमध्ये शिरलेली हवा निपलमधून काढताना डबीतली लेव्हल मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा, सगळ्या गाड्यांना सारखा नसतो. जुन्या गाडीत पॅडल अगदी फ्लोअरपर्यंत हाणू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा, मास्टर सिलेंडरचा सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर जातो आणि कापला जातो.

सगळं झाल्यावर इंजिन चालू करून पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघायला सांगा. पॅडल हळूहळू खाली गेलं किंवा स्पंजी लागलं तर गाडी बाहेर काढू नका. स्टेअरिंगचे दोन्ही फुल कट मारून नळी कुठे ताणली जात नाही ना, कुठे घासत नाही ना तेही बघा, चाक लोंबकळत असताना एकदा आणि गाडी जमिनीवर उतरवल्यावर एकदा. पहिली चक्कर मोकळ्या जागेत, एकट्याने, अगदी हळू. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी जोडांवर परत बोट फिरवा आणि डबीतली लेव्हल बघा.