देवळाच्या सभामंडपाला आमदारांचा निधी घ्यावा का?

तुळसमाळ (कराड तालुका)

येत्या रविवारी आमच्या गावची यात्रा कमिटी बसणार आहे. विषय एकच, भैरवनाथाच्या देवळापुढचा सभामंडप. जुना पत्रा गंजून चाळण झालाय, पावसाळ्यात भजनाला बसता येत नाही, हे खरंच आहे. आमदारांचं पत्र आलंय, पंचवीस-पंधराच्या (ग्रामविकास खात्याच्या २५१५ लेखाशीर्षाच्या) निधीतून १५ लाख. कागदावर कामाचं नाव 'सामाजिक सभागृह', जागा मात्र देवळाच्या दारातली. मागच्या बैठकीत मी म्हटलं, हा पैसा नको, वर्गणी काढू. तर भर सभेत एकानं विचारलं, "तू देवाच्या विरोधात कधीपासनं गेलास?"

मी माळकरी आहे. एकोणीस वर्षं भजनात पखवाज वाजवतोय. दर आषाढीला लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होतो आणि तरडगाव, फलटण करत बरडपर्यंत चालतो. म्हणून ते बोलणं जिव्हारी लागलं आणि म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधीचा मंडप १९७८ सालचा. तेव्हाची वर्गणीची वही कमिटीच्या ट्रंकेत आहे. मी ती पहिल्या पानापासून वाचलीय. माझ्या आजोबांच्या नावापुढं दोन पोती शाळू. कुणाचे पाच रुपये, कुणाची दोन दिवस बैलगाडी. सुताराच्या नावापुढं वाशांची घडणावळ. मुलाण्याच्या नावापुढं अकरा रुपये. एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीच्या नावापुढं नुसतं 'सारवण' लिहिलंय. त्या वहीतून एकही उंबरा सुटलेला नाही. आता होईल त्या मंडपाला कोनशिला बसेल आणि तिच्यावर एकाच माणसाचं नाव मोठ्या अक्षरात असेल.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. पण २०२४ च्या विधानसभेला आमच्या पारावर एका पक्षाची सभा झाली. संध्याकाळची आरती त्यासाठी अर्धा तास थांबवली. गुरवाला कुणी विचारलंही नाही. शिखराशेजारी बांबूला बांधलेला झेंडा निकालानंतर महिनाभर तसाच होता, कारण काढायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या गटाची पोरं तेव्हापासून एकादशीच्या भजनाला येत नाहीत. त्यातल्या दोघांना टाळ धरायला मी शिकवलं होतं.

१९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं घटनेच्या उद्देशिकेत जो शब्द आला, तो मराठीत 'धर्मनिरपेक्ष' असा आहे. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा न ठेवणारा. निरपेक्ष सेवा म्हणतो, त्यातला. मला तो शब्द असाच कळतो. राज्यकर्त्यानं देवळाकडून मतांची अपेक्षा धरू नये आणि देवळानं त्याच्याकडून पत्र्याची. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांनी खुशाल सांगा. रविवारच्या आत मला माझा विचार पक्का करायचा आहे.

वाळवेकर

चुकीचं वाटतं. स्पष्टच लिहितो.

पहिली गोष्ट, निधी आमदाराच्या घरचा नाही. आगपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत आपण कर भरतो, त्यातलाच तो आहे. आपलाच पैसा आपल्या देवाच्या दारी आला तर बाट कसला? दुसरी गोष्ट, तुमचं गाव किती उंबऱ्याचं? चारशे धरले तर १५ लाखांना घरटी पावणेचार हजार पडतात. बागायतदार देईल. ज्याचं पोट ऊसतोडीवर आहे त्यानं कुठून आणायचे? १९७८ मध्ये सारवण लिहून घेतलं, आता स्लॅबच्या मंडपात सारवण कोण घेणार? वर्गणीत ज्याला देता येत नाही तो वर्षभर मान खाली घालून देवळात येतो. मी पाहिलंय. माझे वडील एका वर्षी यात्रेला गेलेच नव्हते.

आणि राज्यकर्त्यानं देवाला देणं ही काय आजची रीत आहे? सांगलीचं गणपती मंदिर पटवर्धनांनी बांधलं. छत्रपतींनी देवस्थानांना इनामं दिली, दर्ग्यांनाही दिली. पंढरपूरला आषाढीची महापूजा मुख्यमंत्री करतात, त्याला तुम्ही वारकरी असून विरोध केलाय का?

तुळसमाळ

तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडं ऐपतीप्रमाणे घेतात, पण घेताना नाव मोठ्यानं वाचतात. ते चूक आहे. त्यावर काहीतरी केलं पाहिजे.

पटवर्धनांना मतं मागायची नव्हती. संस्थानिकानं देऊळ बांधलं तरी पाच वर्षांनी तो दारात हात जोडून उभा राहत नव्हता. फरक तिथं पडतो. महापूजेचं विचारलंत, तर २०१८ ला मराठा आंदोलनामुळं मुख्यमंत्री पंढरपूरला आले नाहीत, पूजा त्यांनी मुंबईत घरी केली. एकादशी त्या वर्षीही तशीच झाली. चंद्रभागेला पाणी कमी नव्हतं, माणूस कमी नव्हतं.

मिरजकर

धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही दोघंही पैशावर बोलताय. मिरजेत आम्ही जे पाहिलं त्यात सरकारी पैसा कुठंच नव्हता.

सप्टेंबर २००९. गणेशोत्सवातल्या कमानीवरचं अफजलखान वधाचं चित्र, त्यावरून दगडफेक, मग संचारबंदी. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं. आमच्या घरचा तंतुवाद्यांचा धंदा. संचारबंदीत तयार तंबोरे घरात पडून राहिले, पाठवता येईनात. पण खरं नुकसान ते नव्हे. ज्या माणसाकडून तीस वर्षं आम्ही तंबोऱ्यासाठी भोपळा घ्यायचो, त्यानं त्या महिन्यात आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही आणि आम्हीही त्याच्याकडं गेलो नाही. नंतर सगळं सुरळीत झालं, पण दोघांच्या बोलण्यात एक जपून बोलणं आलं ते आलंच.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीतसभा भरते. खाँसाहेब १९३७ ला गेले. त्या सभेत गायला येणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. तुमच्याच जिल्ह्याच्या शेजारी कडेगावला मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभे करतात. वाळवेकर, तुमच्या तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, पावसामुळं एकदा आत नेला आणि पुढं तीच रीत पडली. यातलं काहीही सरकारनं घडवलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की धर्माचा रस्त्यावर हत्यार म्हणून वापर होतो तेव्हा खरी भीती असते. पत्र्याच्या मंडपाला निधी आला तर त्यानं कुणाचं घर जळत नाही.

बावधनची लेक

माझा प्रश्न उलटा आहे. सरकार देवळापासून लांब राहतं का? पाहिजे तेव्हा आत येतं आणि पाहिजे तेव्हा हात झटकतं.

२०२१ च्या रंगपंचमीला आमच्या बावधनच्या भैरवनाथाचं बगाड, म्हणजे नवसाचा उंच लाकडी गाडा, निघालं. कोरोनामुळं बंदी होती, तरी निघालं आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आमच्या भावकीतली पोरं पोलीस ठाण्यात बसून होती. मला बंदीचं कारण कळतं, माझ्या मावशीला त्याच लाटेत ऑक्सिजन लागला होता. पण त्याच महिन्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीच्या सभा झाल्या. तिथली गर्दी चालली आणि नाथाच्या बगाडाची नाही. मग गावानं काय समजायचं? नियम रोगाचा होता की सोयीचा?

तुळसमाळ, निरपेक्ष व्हायचं असेल तर दोन्हीकडून व्हावं लागेल. निधी नाकारणार असाल तर उद्या तुमच्या यात्रेत पोलीस, टँकर, एसटीच्या जादा गाड्या, ॲम्ब्युलन्स हेही नाकारणार का?

काळा कोट

नाही नाकारता येणार, आणि नाकारूही नये. तुमच्या वाई तालुक्यातलंच आठवा. २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची काळूबाईची यात्रा. अरुंद पायऱ्या, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या फरश्या, दुकानांची आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या दिवशी कमी पडली ती श्रद्धा नव्हे, व्यवस्था. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. यात्रेतला पोलीस भाविकाच्या जिवासाठी असतो. कोनशिला कुणाच्या जिवासाठी नसते.

निधीचा कायदा मात्र धागाकर्त्याला वाटतो तितका सरळ नाही. कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास वापरायचा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. हज अनुदानाच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी गेला तर प्रश्न येतो, थोडासा गेला तर नाही. म्हणजे १५ लाखांवर कोर्टात जाऊन काही हाती लागणार नाही. निवडणुकीत धर्माच्या नावानं मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी त्याची कक्षा मतदाराच्या धर्मापर्यंतही नेली. पण पारावरची सभा आणि बांबूचा झेंडा यांच्यासाठी निवडणूक याचिका कोण करतो? माझ्या आजवरच्या वकिलीत माझ्याकडं एकही आलेली नाही.

वाळवेकर

कायदा सांगितलात, आता एक सांगा. सरकार फक्त देवळांवरच का बसतं? शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर, सगळीकडं कायदे करून समित्या नेमल्या. घ्यायला सरकार चालतं आणि द्यायला आलं की धर्मनिरपेक्षता आठवते?

काळा कोट

तीन मोठ्या देवस्थानांची नावं घेतलीत. तुमच्या गावचं देऊळ सरकार चालवतं का? महाराष्ट्रातली बहुतेक देवळं गावचे विश्वस्त चालवतात. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हिशेब मागतो, पूजा कशी करायची ते सांगत नाही. वक्फच्या मालमत्तेला वेगळा कायदा आहे आणि ते मंडळही सरकारच स्थापन करतं. मात्र मोठ्या देवस्थानांच्या समितीवर राजकीय नेमणुका होतात, सरकार बदललं की विश्वस्त बदलतात, हे तुमचं दुखणं खरं आहे. ते धागाकर्त्याच्याच बाजूला जातं, तुमच्या नाही.

वाईकर

मी कुणाच्याच बाजूनं नाही. तुळसमाळ, तुमच्या लिहिण्यात देऊळ स्वच्छ आणि राजकारण घाण, असं गृहीत धरलंय. देऊळ ही स्वतःच एक सत्ता आहे. पालखीला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, गाभाऱ्यात कोण जाणार, हे ठरवणारे कोण असतात? पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. १९५६ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि त्याच कायद्याच्या जोरावर २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं बायकांना अडवता येणार नाही म्हणून सांगितलं. राज्य लांब राहिलं असतं तर ही दारं गावकीनं आपणहून उघडली असती का?

आमच्या वाईत प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्रातूनच आधार काढून दिले, १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास याचं आंतरजातीय लग्न लावलं. धर्माला आतून प्रश्न विचारणारी अशी माणसं किती गावांत होती? आणि बाहेरून विचारणाऱ्यांचं काय झालं ते साताऱ्याला माहीत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. जादूटोण्याविरुद्धचा कायदा वर्षानुवर्षं रखडला, कारण प्रत्येक सत्ताधाऱ्याला मतांची धास्ती होती. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला. आठवड्याभरात वटहुकूम निघाला. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

तुमच्या १९७८ च्या वहीत सगळ्या उंबऱ्यांची नावं आहेत म्हणता. त्या सगळ्या उंबऱ्यांचा खांदा पालखीला लागतो का?

तुळसमाळ

काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि आज सकाळी वही पुन्हा आणली.

मातंग वस्तीतल्या नऊ घरांची नावं आहेत. पुढं लिहिलंय 'हलगी व दगड वाहणे'. त्यांनी वाहिलेल्या दगडांवर आजचा चौथरा उभा आहे. पालखीला त्यांचा खांदा लागत नाही. हलगी पालखीच्या पुढं असते, खांदा मानकऱ्यांचा. मी एकोणीस वर्षं पखवाज घेऊन मागून चालतोय आणि हे कधी मोजलं नव्हतं. याचं उत्तर माझ्याकडं नाही. आमदारांचा निधी घेतल्यानं ते बदलणार नाही, नाकारल्यानंही नाही, एवढं दिसतंय.

वाळवेकर, घरटी आकडा ठरवायचा नाही आणि नाव वाचायचं नाही, असं मी मांडणार आहे. बंद डबा, ज्याला जे जमेल ते. स्लॅब नको, पत्रा आणि लोखंडी खांब, म्हणजे खर्च निम्म्याखाली येईल. मिरजकर, हत्यार उगारण्याआधी ते कुणीतरी कुठंतरी ठेवायला जागा देतो. आमचा पार तशी जागा होऊ नये, म्हणून मी पैशापासून सुरुवात केली. तुमच्या भोपळ्याच्या माणसाचं वाचून ते जास्तच पटलं.

बावधनच्या ताई, पोलीस आणि टँकर घेणार. कोनशिला नाही.

वाळवेकर

डबा बंद असेल तर माझा विरोध निम्मा झाला. निम्मा राहिला. निधी परत गेला की तो शेजारच्या गावाला जाईल आणि पुढच्या पावसात तुमचीच म्हातारी माणसं गळक्या पत्र्याखाली बसतील, हे रविवारी सभेत कुणीतरी उठून म्हणणार. त्याला काय सांगाल?

तुळसमाळ

त्याला वही वाचून दाखवणार. त्या नऊ घरांपासून सुरुवात करून.