पार्श्वसंगीताशिवाय प्रसंग उभा राहतो का?

पिंपळपान

गेल्या आठवड्यात प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ (१९३७) बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिला. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवली होती, हे वाचून ठाऊक होते. पण या वेळी मुद्दाम कान देऊन पाहिला, तेव्हा त्याचा खरा अर्थ कळला. गाणी आहेत, केशवराव भोळे यांच्या सुंदर चालीही आहेत. मात्र संवादांच्या मागे वाद्यमेळ वाजत नाही. नीरा आणि काकासाहेब यांच्या त्या विजोड संसारात ऐकू येतो तो घराचाच आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक माझ्या कानात इतकी बसली, की चित्रपट संपल्यावर आमच्या दिवाणखान्यातले घड्याळ आज मोठ्याने चालले आहे, असे वाटत राहिले.

दुसऱ्याच दिवशी घरच्यांबरोबर एक नवा मराठी चित्रपट पाहण्याचा योग आला. नाव देत नाही, कारण तक्रार त्या एका चित्रपटापुरती नाही. मुलगा घर सोडून निघाला आहे, वडील उंबऱ्यात उभे आहेत, असा प्रसंग होता. वडिलांची भूमिका करणारे नट कसलेले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटण्याआधीच व्हायोलिनचा ताफा सुरू झाला आणि मला काय वाटले पाहिजे, हे मला न विचारता ठरवून टाकण्यात आले. मी वैतागलो. शेजारी बसलेली आई मात्र पदराने डोळे पुसत होती, आणि तिचे रडणे खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून प्रश्न असा, की पार्श्वसंगीत प्रसंगाला आधार देते की प्रसंगाची जागा घेते? आणि १९३७ साली जे जमले, ते आज इतके अवघड का व्हावे?

खर्जातला षड्ज

प्रश्न चांगला आहे, पण मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. ‘कुंकू’मध्ये संगीत कमी आहे, असे म्हणण्यापेक्षा प्रत्येक सुराला पडद्यावर ठावठिकाणा आहे, असे म्हणावे. शांता आपटे गातात, तेव्हा ते गाणे नीराच्या गळ्यातून येते आणि ते घरातल्या इतरांनाही ऐकू जाते. त्यामुळे गाणे ही त्या घरात घडलेली एक घटना ठरते. तिच्यावर कोणी चिडू शकतो, कोणी तिला साथ देऊ शकतो. पार्श्वसंगीत मात्र फक्त तुम्हाआम्हाला ऐकू येते. पात्रे त्या बाबतीत ठार बहिरी असतात.

याच भोळ्यांचे आदल्या वर्षीचे काम पाहा. ‘संत तुकाराम’च्या सुरुवातीला विष्णुपंत पागनीस अभंग गातात, ते डोळे मिटून, जवळजवळ स्वतःशीच. पाठोपाठ सालोमालो तीच रचना आपल्या नावावर खपवून गातो, ती ताना-हरकतींची आरास मांडून आणि ऐकणाऱ्यांकडे डोळा ठेवून. शब्द तेच, देव तोच. तरीही पाच मिनिटांत आपल्याला दोन्ही माणसे आतून-बाहेरून कळतात, आणि त्यासाठी एकाही संवादाची गरज पडत नाही. नाट्यसंगीतात मुरलेल्या त्या काळच्या श्रोत्याला त्यातली कोपरखळी तर चांगलीच कळली असणार.

(जाता जाता: त्याच चित्रपटातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नाही, तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला. आजही कीर्तनात तो गाथेतला समजून घेतला जातो.)

दुसरा टेक

मी काही वर्षे ध्वनिमुद्रण स्टुडिओत साहाय्यक होतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे रुक्ष, कारखान्यातले देतो.

पार्श्वसंगीताचे काम सर्वांत शेवटी येते. संकलन पक्के झालेले असते, प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते आणि पैसे तळाला गेलेले असतात. त्यात चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वाहनांमुळे किंवा जनरेटरमुळे वापरण्याजोगा नसेल, तर सगळे संवाद नंतर डब होतात. डब केलेल्या संवादाच्या मागे काहीच नसते. ना पंख्याची घरघर, ना रस्ता, ना पावलांचा आवाज. हे सगळे एकेक करून पुन्हा उभे करणे हे वेळखाऊ आणि किचकट काम आहे. त्यापेक्षा कीबोर्डवर तंतुवाद्यांचा एक लांब सूर धरून ठेवला, की ती पोकळी झाकली जाते. तुम्ही ज्याला भावनांची जबरदस्ती म्हणता, ती पुष्कळदा निव्वळ डागडुजी असते.

दुसरे कारण ‘रेफरन्स’चे. संकलन चालू असताना प्रसंग रिकामा वाटू नये म्हणून दुसऱ्याच एखाद्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते खाली लावून ठेवतात. दिग्दर्शक आठवडेच्या आठवडे तेच ऐकतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग संगीतकाराला सांगतो, ‘असेच हवे, फक्त वेगळे करा.’ यावर संगीतकाराने काय करावे?

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. नवरा वारल्यानंतर एक बाई कपाट उघडते आणि त्याचे सदरे एकेक करून बाजूला सारते, एवढाच तो प्रसंग होता. सुदैवाने चित्रीकरणाच्या वेळचा आवाज स्वच्छ मिळाला होता. लोखंडी दांडीवर हँगर सरकताना बारीक किरकिर व्हायची. दुसऱ्या सदऱ्यानंतर ती थांबायची, मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरा हँगर. त्या थांबण्यात सगळे काही होते. मिक्सिंगच्या टेबलाशी आम्ही तिघे गप्प बसून ते ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांकडून निरोप आला, की इथे ‘सुने सुने’ वाटते आहे. शेवटी सारंगी आली आणि हँगर गेले. सारंगी वाजवणारे वयस्क होते, त्यांनी वाजवले अप्रतिम. त्यांना पडद्यावरचा मूळ आवाज ऐकवलाच गेला नव्हता.

रानहळद

वरचे सगळे मान्य करूनही मला विरोधी बाजू मांडावीशी वाटते, कारण या चर्चेचा सूर हळूहळू ‘संगीत जितके कमी, तितका चित्रपट थोर’ असा होऊ लागला आहे. मग ‘जैत रे जैत’चे काय करायचे? गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. त्यातली गाणी काढून ठेवली, तर उरलेल्या भागाला कथासार म्हणता येईल, चित्रपट म्हणता येणार नाही. तिथे नाग्या हा ढोल वाजवणारा ठाकर आहे. लिंगोबाच्या डोंगराशी आणि राणीमाशीशी त्याचे जे वैर जडते, ते ढोलाच्या ठेक्याविना आपल्या अंगात उतरलेच नसते. त्यातले कितीतरी गाणे कुणा एका पात्राच्या तोंडी नसते, ते साऱ्या पाड्याचे असते. त्याला ‘पार्श्व’ म्हणणेच चूक आहे, कारण इथे माणसे पुढे आहेत आणि गाणे मागे आहे, असे नसतेच.

‘सामना’ (१९७५) घ्या. आरती प्रभूंचे ‘कुणाच्या खांद्यावर’ रवींद्र साठे यांच्या आवाजात येते, भास्कर चंदावरकरांचे संगीत आहे. त्या गाण्याला पडद्यावर कसला ठावठिकाणा? तरीही ते उपरे वाटत नाही, कारण ते रडायला सांगत नाही. ते प्रश्न विचारून बाजूला होते. तेव्हा ‘सूर कुठून येतो’ ही षड्ज यांची कसोटी उपयुक्त असली, तरी पुरेशी नाही.

उंबरझरा

रानहळद यांच्याशी सहमत आहे, आणि एकाच दिग्दर्शकाची दोन उदाहरणे जोडतो.

‘सैराट’ (२०१६) म्हटले, की लोकांना अजय-अतुल यांची गाणी आठवतात, आणि त्या संगीतातला वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये मुद्रित झाल्याची चर्चाही तेव्हा बरीच रंगली होती. पण चारही गाणी आर्ची आणि परश्या गाव सोडण्यापूर्वीच संपून जातात. पुढे हैदराबादेतल्या झोपडीत गाणे नाही. आणि शेवटी ते लहान मूल दारातून आत येते, त्यानंतर आवाजच बंद होतो. मूल रडताना दिसते, ऐकू येत नाही. आमच्या गावाजवळच्या चित्रपटगृहात ‘झिंगाट’ला खुर्च्यांवर उभी राहून नाचलेली मुले त्या क्षणी जशी बसली होती, तशी मी त्यांना कधी पाहिली नव्हती. आधी इतका गजर झाला नसता, तर ती शांतता इतकी जड झाली असती का? माझ्या मते नाही.

‘फँड्री’त तर राष्ट्रगीतच कामाला लावले आहे. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, इतक्यात शाळेतून ‘जन गण मन’ ऐकू येते आणि सगळी जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुकराला अर्थातच तसा काही नियम नाही.

पिंपळपान

सर्वांचे आभार. ‘दुसरा टेक’ यांच्या हँगरांनी माझी रात्रीची झोप घालवली. मूळ आवाजाची ती फीत कुठे जपून ठेवली आहे का, हे जरूर सांगावे.

एक कबुलीही द्यायची आहे. ही चर्चा वाचून मी काल आईला सहज विचारले, की परवा वडील उंबऱ्यात उभे असताना मागे कोणते वाद्य वाजत होते. ती भाजी निवडत होती. थोडा वेळ आठवून म्हणाली, “वाद्य? तिथे कुठे काय वाजत होते? तो नुसता उभा होता रे. चप्पल घालायची की नाही, ते त्याला सुचत नव्हते.”

चप्पल मला दिसलीच नव्हती.