जुन्या बटणांचे ६ बाय ४ फुटी चित्र

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
आमच्या सोसायटीच्या जिन्यात गोदाघाटाचे ६ बाय ४ फुटी चित्र जुन्या बटणांतून साकारायचे आहे. घरोघरच्या डब्यांतून प्लास्टिक, शिंपला, पितळ अशी सरमिसळ जमली आहे. एकूण किती बटणे लागतील आणि ती कशावर बसवावीत?

उत्तर १:
१२ मिलिमीटरची बटणे ओळीने टेकवून लावल्यास चौरस मीटरला सुमारे ६,९०० बसतात, म्हणजे आपल्याला साधारण १५,००० लागतील. प्लायवर आधी चित्र रंगवून घेतल्यास फटींतून पांढरे डोकावत नाही आणि बरीच कमी बटणे पुरतात. पांढरी बटणे शर्टांमुळे मुबलक मिळतात. निळ्या-हिरव्यांची मात्र नेहमीच टंचाई असते, म्हणून नदीचा रंग उपलब्ध साठा पाहूनच ठरवावा.

उत्तर २:
जिन्यात दुपारचे ऊन येत असेल, तर गरम गोंदाची बंदूक टाळावी, कारण तो गोंद उष्णतेने मऊ पडतो. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी घ्यावा. मागे कडी असलेली बटणे सपाट बसत नाहीत, त्यामुळे कडी कापावी किंवा प्लायला भोक पाडावे. शिंपल्याची बटणे व्हिनेगरने धुऊ नयेत. ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने आम्लाने झिजतात.

उत्तर ३:
चिकटवण्याचाच आग्रह कशाला? लंडनच्या हेन्री क्रॉफ्ट या सफाई कामगाराने एकोणिसाव्या शतकात शिंपल्याच्या बटणांनी अख्खा पोशाख मढवला होता, तोही सुईदोऱ्याने. जाड कॅनव्हासवर टाके घातल्यास चुकलेले बटण सहज उसवता येते. वेळ मात्र भरपूर लागेल.