वेबवरून लावलेला कॉल ३२ सेकंदांत कटतो: एसआयपी आणि वेब जोडायला काय वापरावं?

कर्वेनगर_कोडर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघी मैत्रिणी कोथरूड-कर्वेनगर भागात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी छोटी सेवा चालवतो. औषधांची आठवण, दवाखान्यात सोबत, लाइट बिल, असली कामं. बहुतेकांची मुलं परदेशात आहेत. त्यांच्यासाठी आम्ही वेबपेजवर एक बटण दिलंय: तिकडे मुलाने दाबलं की इथे आईच्या साध्या फोनवर रिंग जाते. बऱ्याच आजींकडे बटणांचाच फोन आहे, त्यामुळे ॲपचा पर्याय नाही.

सध्याची रचना अशी: पेजवरून आमच्या नोड सर्व्हरला विनंती येते, सर्व्हर एसआयपी (इंटरनेटवरून कॉल लावायची-तोडायची भाषा) ट्रंककडे, म्हणजे कॉल साध्या फोनपर्यंत नेणाऱ्या कंपनीच्या लाइनकडे, इन्व्हाइट हा कॉल लावायचा मेसेज पाठवतो, फोन उचलेपर्यंत थांबतो आणि मग पेजला उत्तर देतो. एसआयपीचे मेसेज आम्ही एका छोट्या लायब्ररीने स्वतःच बांधतो.

तीन अडचणी आहेत. कॉल उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी कटतो. मुलाने मधेच लाल बटण दाबलं तरी इथली रिंग वाजत राहते; परवा एक आजी वॉकर घेऊन हॉलपर्यंत आल्या, फोन उचलला तर पलीकडे कुणीच नाही. त्यांनी मला फोन करून विचारलं, "अगं, अमेरिकेत सगळं ठीक आहे ना?" फार वाईट वाटलं. आणि तिसरं, नेट हळू असलं की ब्राउझर विनंती पुन्हा पाठवतो आणि एकाच घरी दोन कॉल जातात.

काय वापरावं? दोघीच आहोत, पैसेही बेताचे. कुणी असं काम केलं असेल तर मनापासून सांगा.

पौडफाटा

३२ हा आकडा ऐकूनच संशय येतो. सर्व्हरवर एसएनग्रेप (एसआयपीचे मेसेज दाखवणारं साधन) लावा आणि एक कॉल करून बघा. उचलल्यानंतर ट्रंककडून २०० ओके (कॉल उचलला) एकदाच येतो की पुन्हा पुन्हा?

कर्वेनगर_कोडर

पुन्हा पुन्हा येतोय! आधी अर्ध्या सेकंदाने, मग एक, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. शेवटी ट्रंककडून बाय (कॉल संपवायचा मेसेज) येतो. पण आमचा ॲक (२०० ओके मिळाल्याची पोच) तर जाताना दिसतोय.

जुना_टेलिकॉमवाला

ताई, ॲक जातोय, पण चुकीच्या घरी जातोय. २०० ओके उघडा आणि त्यातली कॉन्टॅक्ट आणि रेकॉर्ड-राउट ही दोन हेडर बघा. ॲक त्या पत्त्यावर, त्या वाटेने जायला हवा. तुमचा कोड बहुधा ज्या पत्त्यावर इन्व्हाइट पाठवला तिथेच ॲक टाकतोय. पलीकडच्याला तो मिळत नाही, म्हणून तो २०० ओके परत पाठवत राहतो. २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, म्हणजे एसआयपीच्या प्रमाण नियमांत, टी-वन हा मूळ टायमर ५०० मिलिसेकंदांचा आहे आणि ॲकची वाट त्याच्या ६४ पट बघायची असते. ५०० गुणिले ६४ म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात ॲक आला नाही की समोरचा कॉल सोडून देतो. ॲकला नवी ब्रँच (व्यवहाराची ओळखखूण) लागते हेही तपासा. इन्व्हाइटचीच ब्रँच वापरली असेल तर तीही चूक आहे.

हे दुरुस्त होईल, पण खरी अडचण ॲकची नाही असं मला वाटतं. मी खडकी-औंध पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये अनेक वर्षं हेच काम केलं. तेव्हा फोन आणि वेब जोडायला पार्ले-एक्स होतं, सोप होतं, जावामध्ये एसआयपी सर्व्हलेट होते, २००३ चं जेएसआर ११६. एकीकडे टेलिफोनची दुनिया, दुसरीकडे वेब सर्व्हिस, आणि मध्ये आम्ही. तेव्हाही प्रत्येक नवा मुलगा तुम्ही केलीत तीच चूक करायचा: एक एसआयपी मेसेज आला की त्याचं एका एचटीटीपी (वेबपेजची भाषा) उत्तरात भाषांतर करायचं.

एसआयपीचं रूपच फसवं आहे. ते एचटीटीपीवर बेतलेलं आहे. तशीच पहिली ओळ, तशीच हेडर, २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे नाही सापडलं. त्यामुळे वाटतं की दोन्ही सख्खी भावंडं आहेत. पण एचटीटीपीत एका प्रश्नाला एक उत्तर मिळतं आणि विषय संपतो. एसआयपीत एका इन्व्हाइटला आधी १००, मग १८० रिंगिंग, कधी १८३, मग २०० अशी उत्तरं येतात; वाटेत फाटे फुटले तर दोन ठिकाणांहून येतात. त्यानंतर जो डायलॉग (चालू कॉलचा दुवा) सुरू होतो तो तासभरही चालू शकतो. कॉल जिवंत असतो. एचटीटीपीची विनंती तोवर केव्हाच संपलेली असते. म्हणून कॉलची अवस्था विनंतीत ठेवायची नाही, ती मध्ये, एकाच जागी राहिली पाहिजे.

तुमच्या बाबतीत म्हणजे काय, तर पेजने विनंती केली की लगेच २०२ (विनंती मिळाली, काम सुरू आहे) आणि कॉलचा एक क्रमांक परत द्या. कुणी उचलेपर्यंत थांबू नका. पुढचं सगळं, रिंग गेली, उचलला, व्यस्त आहे, संपला, हे वेबसॉकेटवरून (सतत उघडं राहणारं कनेक्शन) घटना म्हणून पेजला कळवा. विनंतीसोबत पेजने स्वतः तयार केलेली एक खूण पाठवावी. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर नवा कॉल न लावता जुन्याचाच क्रमांक द्यायचा. दोन रिंगांचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि ४८६ व्यस्त आला म्हणून वेब सर्व्हिसने चूक झाली असं उत्तर देऊ नये. आजी शेजारणीशी बोलत आहेत, तुमच्या सर्व्हिसचं काम बरोबरच झालंय.

आता त्या वॉकरवाल्या आजी. लाल बटण दाबल्यावर कॅन्सल पाठवायचा असतो, पण निदान एक तात्पुरतं उत्तर आल्याशिवाय तो पाठवता येत नाही. आधीच दाबलं असेल तर मनात नोंद ठेवायची आणि १०० किंवा १८० आला की पाठवायचा. दुसरं म्हणजे कॅन्सल वाटेत असतानाच तिकडे फोन उचलला जाऊ शकतो. मग तुम्हाला ४८७ (कॉल रद्द झाला) ऐवजी २०० ओके येतो. त्या वेळी मुकाट्याने ॲक द्यायचा आणि लगेच बाय पाठवायचा. हे केलं नाही तर आजी फोन कानाला लावून बसून राहतात.

हे सगळं हाताने लिहू नका. दोघीच आहात तर ॲस्टेरिस्क हा तयार टेलिफोन सर्व्हर घ्या आणि त्याचं एआरआय (आपल्या प्रोग्रॅममधून कॉल चालवायची सोय) वापरा. ते २०१३ पासून, आवृत्ती १२ पासून आहे. आज्ञा रेस्टने (साध्या वेब विनंत्यांनी) द्यायच्या, घटना वेबसॉकेटवरून घ्यायच्या. ॲक, कॅन्सल, टायमर सगळं तो सांभाळतो. जुने लेख वाचून चॅन-सिप हा ॲस्टेरिस्कचा जुना एसआयपी भाग लावू नका, २१ व्या आवृत्तीत ते काढून टाकलंय. त्याच्या जागी पीजेसिप वापरा.

बाणेर_बॅकएंड

मी थोडा वेगळा सल्ला देईन. मधला सर्व्हर एवढा जड कशाला? ब्राउझरमध्ये जेएस-सिप ही लायब्ररी टाका, तो वेबसॉकेटवरून थेट एसआयपी बोलतो. आरएफसी ७११८, २०१४ पासून प्रमाणित आहे. मग वेब आणि एसआयपी जोडायचा प्रश्नच उरत नाही. आमच्या कॉल सेंटरच्या कामात हेच आहे आणि उत्तम चाललंय.

जुना_टेलिकॉमवाला

तुमच्याकडे ऑपरेटर दिवसभर एकाच टॅबवर बसलेला असतो, तिथे ते शोभतं. इथे मुलगा ऑफिसच्या पार्किंगमधून बोलतोय. पेज रिफ्रेश झालं की ब्राउझरमधला डायलॉग गेला आणि आईचा कॉलही गेला. शिवाय कुठला नंबर लावायचा हे ब्राउझरने ठरवलं तर कुणीतरी तुमच्या ट्रंकवरून परदेशात कॉल लावून रात्रीत बिल चढवेल. ५०६० पोर्ट उघडा दिसला की शोधणारे तासाभरात येतात.

पण तुमचं अर्धं बरोबर आहे. मुलाचा पाय (कॉलची त्याच्याकडची बाजू) जेएस-सिपने ॲस्टेरिस्कपर्यंत येऊ द्या, थोड्या वेळात संपणाऱ्या पासवर्डवर. आईचा पाय मात्र सर्व्हरने एआरआयमधून लावायचा आणि दोन्ही एका पुलात (सर्व्हरवर दोन बाजू एकत्र येतात ती जागा) जोडायचे. मुलाचं पेज गेलं तरी आई पुलात थांबते, तोवर "थांबा, जोडतोय" ऐकवा. तो परत आला की पुन्हा जोडा.

बाणेर_बॅकएंड

हे पटलं. रिफ्रेशचा विचार मी केला नव्हता.

मुठाकाठ

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण सिग्नलिंग जमल्यावर सगळे इथेच अडकतात.

ब्राउझर एनक्रिप्ट न केलेला आवाज घेतच नाही, त्याला डीटीएलएस-एसआरटीपी (आवाज एनक्रिप्ट करायची पद्धत) आणि आइस (आवाजासाठी वाट शोधायची पद्धत) लागतं. ट्रंक बहुतेक साधा आरटीपी, म्हणजे एनक्रिप्ट न केलेला आवाज, आणि जी.७११ ए-लॉ हा कोडेक (आवाज अंकांत बांधायची पद्धत) देतो. ॲस्टेरिस्क हे दोन्ही सांधतो. जी.७११ ब्राउझरलाही सक्तीने यावंच लागतं, त्यामुळे कोडेक न बदलताही काम भागेल. तरी मुलाच्या पायावर मी ओपस हा कोडेक ठेवेन. लांबच्या वाटेवर पॅकेट गळतात आणि ओपस ते बरंच सावरून घेतो. चाळीसेक घरांसाठी कोडेक बदलायचा भार छोट्या सर्व्हरलाही जड नाही.

सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये घ्या, स्वस्त मिळाला म्हणून अमेरिकेत नको. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ नुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. अमेरिकेच्या कॉलमध्ये त्यातला मोठा वाटा समुद्राखालची केबलच खाते. टर्न सर्व्हर (थेट वाट मिळाली नाही तर आवाज फिरवून नेणारा) ४४३ वर टीएलएसने चालू ठेवा. ऑफिसच्या फायरवॉलमागून बाकीचे पोर्ट बऱ्याचदा चालत नाहीत.

अजून एक. फोन बंद असला की "आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे" हे उचलण्याआधीच, १८३ सोबत येतं. तुम्ही २०० नंतरच आवाज जोडला तर मुलाला नुसती शांतता ऐकू येते आणि त्याचा जीव टांगणीला लागतो. एआरआयमध्ये चॅनेल आधी तयार करा, पुलात टाका, मग डायल करा.

व्हिडिओ या ट्रंकवरून जाणार नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना दोन्हीकडे वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधला थेट कॉलच, द्या, त्यात एसआयपी आणू नका.

पौडफाटा

ट्रंक परवानाधारक कंपनीचाच ठेवा. इंटरनेटवरून आलेला कॉल भारतातल्या फोन नंबरवर उतरवणं हे परवान्याचं काम आहे, आपण परस्पर करायचं नाही. आणि एकच कायमचा नंबर मागून घ्या. तो "मुलाचा फोन" म्हणून प्रत्येक आजींच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. माझी आई अनोळखी नंबर उचलत नाही, आणि बरोबरच करते.

कर्वेनगर_कोडर

दहा दिवसांनी लिहितेय. काकांनी सांगितलेलं तंतोतंत निघालं: कॉन्टॅक्टमध्ये वेगळा पत्ता होता आणि आमचा ॲक जुन्याच पत्त्यावर जात होता. ते कळल्यावरही आम्ही आमचा कोड बाजूला ठेवला आणि ॲस्टेरिस्कवर आलो. काल एका आजी नातवाशी ४७ मिनिटं बोलल्या. मी शेजारीच बसले होते, ३२ वं सेकंद उलटलं तेव्हा श्वास रोखला होता.

नंबर घरोघरी जाऊन सेव्ह केला. दोन कॉल जाणं बंद झालं. पुढचा प्रश्न: आमच्या सोबत करणाऱ्या मुलींना हाच कॉल ॲपवर द्यायचाय. आयफोन झोपलेला असला की रिंग येत नाही.

मुठाकाठ

तिथे पुश (झोपलेलं ॲप जागं करणारी सूचना) लागेल. झोपलेल्या फोनवर रजिस्टर करून ठेवलेलं कनेक्शन टिकत नाही. आधी पुश पाठवा, ॲप जागं होऊन रजिस्टर झालं की मगच इन्व्हाइट सोडा. आरएफसी ८५९९ याचसाठी आहे. आयफोनवर आयओएस १३ पासून नियम कडक आहे: व्हॉइप (इंटरनेट कॉलचा) पुश आला की लगेच कॉलकिटला (आयफोनची कॉल दाखवायची सोय) कॉल दाखवायचा, नाहीतर सिस्टीम ॲप बंद करते. म्हणून हा पुश दुसऱ्या कशासाठीही वापरू नका, औषधाच्या आठवणीसाठी तर नाहीच.

जुना_टेलिकॉमवाला

ताई, ४७ मिनिटं वाचून फार बरं वाटलं. कॅन्सल आणि उचलणं एकाच वेळी होतं ती चाचणी केलीत का? सिप-पी नावाचं साधन आहे, त्यात १८० नंतर ठरावीक वेळाने २०० देणारा खोटा फोन बनवता येतो. तुमचं लाल बटण त्याच्या आधी ५० मिलिसेकंद, मग २०, मग १० असं दाबून बघा. अडकलं तर ट्रेस इथे टाका, मी रात्री बघतो. फोन नंबर मात्र पुसून टाका.