घरी केलेल्या भांड्यात शिसं वितळवावं का?

गॅरेजकर (पिट्सबर्ग)

मी तीन वर्षं घरी शिशाच्या गोळ्या ओततोय. स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तरच लागतो. त्यामुळे कायद्याचा मुद्दा इथे नाही. मुद्दा भांड्याचा आहे. बाजारात 20 पौंडांची, तळाच्या तोटीतून ओतणारी विजेची भांडी मिळतात, आणि गोळ्या ओतणारे बहुतेक जण तीच घेतात. माझं ठाम मत आहे की भांडं स्वतः करावं.

माझं भांडं म्हणजे 4 इंची जाड पोलादी नळ्याचा 5 इंचांचा तुकडा, तळाला जाड पत्रा वेल्ड केलेला. खाली तापवायची कॉइल, धातूत थेट बुडवलेला तापमान मोजणारा के-टाइप थर्मोकपल आणि वर ठरवलेलं तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर. यात साधारण 25 पौंड शिसं मावतं. पौंडात 7000 ग्रेन, माझी गोळी 158 ग्रेनची, म्हणजे पौंडाला 44 गोळ्या. एकदा भरलं की हजारावर गोळ्या निघतात. विकतचं भांडं मी आधी वापरलंय. त्याच्या नुसत्या आकड्यांच्या गुंडीवरून आत किती तापमान आहे ते कळायचंच नाही. कधी गोळी सुरकुतलेली, कधी वरती भसाभस मळी. आता 380 अंश म्हणजे 380 अंश. शुद्ध शिसं 327 ला वितळतं, त्याच्या थोडं वर राहिलं की पुरे. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट सांगा.

शिरोलीचा फौंड्रीवाला

मी गोळ्या ओतत नाही, बीड म्हणजे ओतीव लोखंड ओततो. कोल्हापुरात 22 वर्षं हेच काम. तुमचा कंट्रोलर झकास आहे, पण तळाच्या वेल्डवर माझा विश्वास नाही. दर वेळी ते भांडं तापतं, फुगतं, निवतं, आखडतं, आणि हा सगळा ताण वेल्डच्या कडेवर येतो. सुईएवढं भोक पडलं की 11 किलो तापलेलं शिसं खालच्या चालू कॉइलवर. तुम्ही तेव्हा पळी धरून समोर उभे असणार.

त्यापेक्षा बिडाची जाड बुडाची कढई घ्या. फक्त ती आपटू नका, बीड आघाताला ठिसूळ असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचं नावच काढायचं नाही. ते 660 ला वितळतं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीच लेचंपेचं होतं. आणि जस्ताचा मुलामा दिलेला नळा कोणी वापरत असेल तर आजच फेकून द्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका थेंबाची वाफ होते तेव्हा तो साधारण 1700 पट फुगतो. थेंब वर पडला तर चर्र होऊन उडून जातो. ओला तुकडा धातूच्या खाली बुडाला की अख्खं भांडं उसळून छताला लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात भंगार आधी भट्टीच्या कडेला तापवल्याशिवाय आत जात नाही. पळीसुद्धा तापवूनच बुडवायची. तुमच्याकडे थंडीत गॅरेजमध्ये ठेवलेल्या शिशाच्या पाटांवर, म्हणजे लगडींवर, दव धरत असेलच.

गॅरेजकर

दवाचं अगदी बरोबर. मी पाट भांड्याच्या काठावर दहा मिनिटं तापवून मगच सोडतो. वेल्डचं मनावर घेतो. भांड्याखाली पोलादी ताट ठेवलंय, पण कॉइल त्या दोघांच्या मध्ये आहे हे खरं.

टेक्सासचा तात्या

मला तर ही वीज आणि कंट्रोलर दोन्ही नकोत. बिडाचं खोलगट भांडं, टर्की तळायची प्रोपेनची शेगडी, आणि अंगण. वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, लाकडाचा भुसा टाकून ढवळायचं, मळी झाऱ्याने काढायची. दहा वर्षांत काही झालं नाही. लहानपणी कल्हईवाला अंगणातच भट्टी पेटवून बसायचा, आम्ही पोरं भोवती उकिडवी. कोणाला काय झालं?

जर्सीची नर्स

तात्या, कल्हईवाला कथील वितळवायचा. कथील 232 अंशांना वितळतं आणि ते शिसं नव्हे. ज्या कल्हईत स्वस्तात पडावं म्हणून शिसं मिसळलेलं असे, ती विषारीच होती. आणि उघड्या शेगडीबद्दल माझा मोठा आक्षेप आहे. शिशाची वाफ जाणवण्याइतकी निघायला 500 अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणून 380 ला काही होत नाही असं सगळे सांगतात. पण प्रोपेनच्या शेगडीला 380 कुठे कळतं? थर्मामीटर नसेल तर तुम्ही 500 च्या पुढे कधी गेलात ते तुम्हालाही कळणार नाही.

आता गॅरेजकर, तुमच्याकडे वळते. भांडं घरचं की बाजारचं याने फार फरक पडत नाही. घरात लहान मूल आहे का, हा माझा प्रश्न आहे. धुरापेक्षा धूळ वाईट. वरची करडी मळी म्हणजे शिशाचं ऑक्साइड, पिठासारखं बारीक. आपला पूर्वापार शेंदूर हेही शिशाचं ऑक्साइडच. ती मळी झाऱ्यावरून बाहीवर जाते, बाहीवरून सोफ्यावर, बुटातून गालिच्यावर. रांगणारं मूल हात तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडंच रक्तात उतरतं, लहान मुलाच्या आतड्यातून निम्मं उतरू शकतं.

न्यू जर्सीत मूल एक आणि दोन वर्षांचं झालं की रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. आमच्या दवाखान्यात एका बाळाचा आकडा 9 आला होता. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, 2021 पासून धोक्याची खूण दर डेसिलिटर रक्तात 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली आहे, आणि त्याखालचंही सुरक्षित मानत नाहीत. घर नवं, रंगात शिसं नाही, नळाचं पाणी ठीक. तीन भेटींनंतर वडील म्हणाले, तळघरात मासेमारीची वजनं ओततो. त्या आईचा चेहरा मी विसरले नाही. लहान मुलाच्या मेंदूचं झालेलं नुकसान कुठल्याही औषधाने भरून येत नाही.

गॅरेजकर

मूल आहे. चौदा महिन्यांचं. पण एक गोष्ट मांडतो. माझ्या स्वतःच्या रक्ताचा आकडा मागच्या वर्षी 11 होता. मी ओतकाम चार महिने पूर्ण बंद ठेवलं, तरी फारसा उतरला नाही. मग नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवर जाणं थांबवलं, तेव्हा उतरला. बहुतेक काडतुसांच्या टोपीत लेड स्टिफनेट हे शिशाचं स्फोटक असतं, दर वेळी गोळी झाडली की त्याचा धूर तोंडासमोर येतो. रिकामी पितळी काडतुसं घासून साफ करतो त्या भुशातही तेच असतं. मग दोष एकट्या भांड्यावर का?

जर्सीची नर्स

एकट्या भांड्यावर नाहीच. रेंजचं तुमचं निरीक्षण पटण्यासारखं आहे. पण रक्तातलं शिसं निम्मं व्हायलाच महिना-दीड महिना लागतो आणि हाडात तर ते वर्षानुवर्षं राहून रक्तात उतरत राहतं, त्यामुळे चार महिन्यांवरून भांड्याला निर्दोष ठरवू नका. आणि हे तुमच्या रक्ताचं झालं. बाळाचं तपासलंत?

कोल्हापूरची आई

थोडं वेगळं विचारते. माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल मारते. स्वप्नील कुसाळेंनी 2024 ला पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून ती पुढे 50 मीटर खेळणार म्हणून हटून बसली आहे. गोळ्यांचा खर्च मोठा. अशा गोळ्या इथे घरी ओतता येतील का?

शिरोलीचा फौंड्रीवाला

ताई, नाही. भारतात 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोजतात. शिवाय 50 मीटरचं .22 काडतूस कारखान्यातूनच भरून येतं, ते घरी भरायचं नसतंच. हौसेपायी मुलीचं करिअर आणि तुमची अब्रू दोन्ही पणाला लावू नका.

जर्सीची नर्स

आणि एअर रायफलचा छर्राही शिशाचाच असतो. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, छर्रे ओठात धरायचे नाहीत, हे तिला आजच सांगा.

सॅक्रामेंटोकर

तुम्ही सगळे भांड्यावर भांडताय, मी म्हणतो शिसंच सोडा. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हरणात फुटलेल्या गोळीचे कण आतड्यांत राहतात, ती आतडी काँडोर गिधाडं खातात आणि मरतात. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली, इथली शिशाने चालली होती. तांब्याची गोळी महाग पडते, पण तिला भांडंच लागत नाही.

टेक्सासचा तात्या

शिकारीचं मान्य. मी कागदाच्या निशाणावर मारतो, मातीच्या बांधातून शिसं परत वेचून आणतो. पण नर्सबाईंचं 500 अंशांचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून काल पहिल्यांदा थर्मामीटर घातला. 540. दहा वर्षं मी काय करत होतो? एक थर्मोकपल मागवलाय. गॅरेजकर, तो किती खोल बुडवायचा?

गॅरेजकर

तळापासून एक इंच वर, भिंतीला टेकू द्यायचा नाही.

बाळाचं रक्त सोमवारी दिलं. 2.8 आलं. खुणेच्या खाली आहे, पण शून्य नाही, आणि आमचं घरही नवंच आहे. बायकोशी बोललो. भांडं मी मोडणार नाही, तळ मात्र बिडाचा करून घेणार. गॅरेजमध्ये ओतकाम बंद. एका मित्राच्या शेतावर गोठा रिकामा आहे, तिन्ही बाजूंनी उघडा, तिथे नेतोय.

जर्सीची नर्स

बाळाला सहा महिन्यांनी परत तपासा. आणि कपडे, बूट, हातमोजे गोठ्यातच ठेवा, तिथेच हातपाय धुऊन मग गाडीत बसा. तुमच्या गाडीत बाळाची सीट आहे.