मदत हवी आहे : आजोबांचा वस्तरा आणि धारेचा दगड

राम राम मंडळी. मी परभणीचा. आजोबांच्या धोकटीत वस्तरा, चामोटं (वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा) आणि वीतभर काळपट दगड निघाला. दगड मधोमध खोलगट. वस्तरा आडवा ठेवला की खालून उजेड दिसतो. म्हणून काचेवर वॉटर पेपर ठेवून, दगडावरच्या पेन्सिलीच्या रेघा पार जाईस्तोवर घासतोय. सपाट होत आलाय.

अडलंय पुढं. आजोबा त्यावर तेल टाकायचे, आता पाणी ठरतच नाही, ओघळून जातं. तेलच चालू ठेवू का साबणानं धुऊन पाण्यावर आणू?

वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून फिरवतो. मनगटाची लव उडते, पण गालावर वस्तरा केस ओढतो. यावर बेल्जियमचा पिवळा धारेचा दगड, कोटिक्युल, घ्यावाच लागेल का? त्यातले गार्नेटचे (एक कठीण खनिज) बारीक कण धार मऊ करतात म्हणे, पण महाग आहे. कुणी वापरलाय?